मोठे बाबांची टाच

शंकरपटावर लोक बैल पाहायला येत. मोठे बाबा जमीन पाहत. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ उमरेडजवळ आमच्या गावी राहायचे. बैलजोड्यांची शर्यत असली की सकाळीच चपला काढून ते सगळी धावपट्टी चालून येत, जागोजागी टाच रोवत. तोवर कोणी मालक जोडी जुंपत नसे.

"जमीन कडक असंन तर पहिलेच पळवा, मांगची जोडी पोहोचत नाही," ते सांगत. "भुसभुशीत असंन तर दम राखा. बैलाचा जीव खुरात जाते, मंग शेवटाले काय उरते?" जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्यांना हे तोंडपाठ होतं.

हीच जीभ घरात नडली. प्रमोदला, त्यांच्या एकुलत्या मुलाला, धुरकरी व्हायचं होतं. चार लोकांसमोर ते त्याला म्हणाले, "तुझा हात घाईचा हाय. बैल मारशीन एखादा." त्या दिवसापासून प्रमोद त्यांच्याशी बोलला नाही. एकाच घरात राहून निरोपसुद्धा आईमार्फत. मग शर्यतींवर बंदी आली. पट बंद झाले, अबोला चालूच राहिला.

बंदी उठल्यावर प्रमोदने स्वतःची जोडी घेतली. पहिल्या पटासाठी मी शहरातून मुद्दाम गावी गेले. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता, पण सकाळच्या उन्हात वरची माती सुकून पांढरी दिसत होती. मोठे बाबा चालत होते, मी सोबत. पट्टीच्या शेवटाजवळ त्यांची टाच चांगली बोटभर आत गेली. ते थबकले. तेवढ्यात मागून प्रमोद आला.

"बाबा, सोडू का जोडी?"

मोठे बाबा त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"सोड, बापू," ते म्हणाले. "चांगली हाय जमीन."

पहिली फेरी प्रमोदचीच होती. त्याने सुरुवातीपासून हाणलं. शेवटाजवळ जोडीतल्या हिराचा पुढचा पाय रुतला आणि काडकन मोडला. प्रमोद बाजूला फेकला गेला, खरचटण्यावर निभावलं. हिरा काही उठला नाही. गुरांच्या डॉक्टरने त्याला शेवटचं इंजेक्शन दिलं, तेव्हा त्याचं डोकं प्रमोदच्या मांडीवर होतं.

"म्हातारं सठियालं, पारख गेली त्याची," गाव म्हणालं. मोठे बाबांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी अंगणात मी त्यांना विचारलं, "तुम्हाला तर कळलं होतं. मग काहून सांगितलं नाही?"

"जनमभर नाहीच म्हटलं वं त्याले. इतक्या वर्षांनी पोरगं बोललं, तवा बी नाहीच म्हणू?" मग माझा हात धरून म्हणाले, "त्याले सांगू नको. बाप चुकला म्हणून राहू दे. जाणून केलं, हे त्याले सोसणार नाही."

त्यानंतर ते पटावर गेले नाहीत आणि प्रमोदने पुन्हा त्यांना काही विचारलं नाही. मागच्या हिवाळ्यात मोठे बाबा गेले. तेरवीच्या पंगतीत कोणीतरी त्यांच्या पारखीची गोष्ट काढली. प्रमोद ताटावरून मान वर न करता म्हणाला, "आयुष्यात एकदाच बाबाचं ऐकलं म्या. एकदाच."

मी त्याच्या ताटात भात वाढला आणि पुढच्या ताटाकडे वळले.