अर्बाबला ‘नाही’ म्हणायचं नसतं

अमेरिकेला मी कधीही गेलेलो नाही. त्यामुळे तिथे शिकायला जाणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करायला माझ्याइतका लायक माणूस ओमानमधल्या आमच्या सहम गावात दुसरा नव्हता. जाऊन आलेल्याला तिथलं फक्त आपलं विद्यापीठ ठाऊक असतं. न गेलेल्याला सगळी अमेरिका सारखीच माहीत असते!

मी मूळचा गुहागरकडचा. गेली वीसेक वर्षं सोहार औद्योगिक वसाहतीत अ‍ॅल्युमिनियमची दारं-खिडक्या बनवणारं एक वर्कशॉप सांभाळतो. त्याचे मालक अबू सालिम, म्हणजे माझे अर्बाब. आता अर्बाब म्हणजे नुसता साहेब नव्हे. आपला व्हिसा त्याच्या नावावर, पगार त्याच्या हातून, बायको-मुलीला इथे आणायचं तर तेही त्याच्या सहीने. अबू सालिम मनाने मोठा माणूस, मी खोटं बोलणार नाही. पण इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं. ‘इन्शाल्ला’ म्हटलंय, ‘बघतो’ म्हटलंय, एकदोनदा खोकलो आहे. (खोकला हा नकाराच्या सगळ्यात जवळचा प्रकार.)

आमची मुलगी रुचा इथल्या भारतीय शाळेत शिकली, पुण्यात इंजिनिअर झाली आणि पुढे संशोधनासाठी तिला अमेरिकेत प्रवेश मिळाला. विषय काय, तर समुद्रकाठच्या विहिरींचं पाणी खारट कसं होतं. (तिच्या आजीने ह्याचं उत्तर ‘समुद्र आहे म्हणून’ असं एका दमात दिलं असतं, पण आजीला कोणी पदवी देत नाही.) फी माफ, शिवाय महिन्याला पगार, आणि तो तिच्या प्रोफेसरबाईंच्या प्रकल्पातून. बाईंचं नाव हेलन.

“पगार कोण देणार?” मी विचारलं.

“हेलन.”

“हेलन मॅडम म्हण! आणि त्यांनी काढून टाकलं तर?”

“मग फंडिंग जाणार. परत यावं लागेल, आय गेस.”

“म्हणजे कळलं का? ही बाई तुझी अर्बाब!”

सुनीता, म्हणजे आमची सौ., भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “अहो, ती बाई हिला शिकवणार आहे. हिच्याकडून खिडक्या नाही बनवून घेणार.”

परदेशी मुलांना तिथे रुळायला मदत करणारं एक ऑफिसच त्या विद्यापीठात आहे. त्यांनी पालकांसाठी ऑनलाइन बैठक ठेवली. एक हसतमुख बाई सांगत होत्या, “प्रोफेसरांना नावाने हाक मारा. पटलं नाही तर तसं म्हणा. आमच्याकडे प्रश्न विचारणं हाच आदर.” मी गालातल्या गालात हसलो. अबू सालिमही दर ईदला आम्हा सगळ्यांना सांगतात, ‘तुम्ही माझे भाऊ, काही असलं तर मोकळेपणी बोला.’ एक नवा वेल्डर एकदा मोकळेपणी बोलला होता. तो हल्ली दूर वाळवंटापलीकडे, दुक्मला असतो.

तेव्हा ती बैठक संपल्यावर मी माझी बैठक घेतली. अर्बाबसमोर तो सांगेपर्यंत बसायचं नाही. अडचण घेऊन जायचं नाही, काम झालं की मगच जायचं. गाव सोडायचं तर विचारून. पहिल्या भेटीला हलव्याचा डबा. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे अर्बाबला ‘नाही’ म्हणायचं नसतं. आमच्याच बिल्डिंगमधली आणखी दोन मुलं त्या वर्षी अमेरिकेला चालली होती, त्यांनाही मी बोलावलं होतं. त्यांनी सगळं नीट ऐकलं, पाया पडली आणि त्यातलं काहीही केलं नाही. ती मुलं तिथे मजेत आहेत. रुचाने मात्र बापाचा शब्द पाळला.

पहिल्याच आठवड्यात ती ओमानी हलव्याचा डबा घेऊन बाईंकडे गेली. मीटिंगला सांगेपर्यंत बसली नाही. बाईंना वाटलं, पोरीची पाठ दुखते! त्यांनी आपुलकीने विचारलं, “तुला उभं राहून काम करणं सोपं जातं का?” आमच्या शिकवणीप्रमाणे रुचा ‘हो’ म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिच्यासाठी खास उंच टेबल आलं आणि खुर्ची कोणीतरी उचलून नेली!

“पाहिलंस?” मी फोनवर म्हणालो. “अर्बाब खूश आहे! नवं फर्निचर दिलं!”

“बाबा, माझे पाय दुखतात.”

“सवय होईल.”

दिवाळीला तिला शेजारच्या शहरात मैत्रिणीकडे जायचं होतं, तर तिने बाईंची परवानगी मागितली. बाईंनी विचारलं, “हे मला का विचारतेस?” मी समजावलं, “त्यांनी ‘नाही’ म्हटलं का? नाही ना? मग हीच परवानगी.” आणि मग आलं मांजर. बाई कुठल्याशा परिषदेला चालल्या होत्या. म्हणाल्या, “माझं मांजर सांभाळशील का? जमत नसेल तर काहीच हरकत नाही.” रुचाला लहानपणापासून मांजर दिसलं की शिंका येतात.

“बाबा, मी नाही सांगू का? शी सेड इट्स ओके.”

“असं बोलायची पद्धत असते, बाळा! अर्बाबचं मांजर म्हणजे अर्बाबच. ईदच्या आधी अबू सालिमचा बोकड मी आपल्या बाल्कनीत ठेवून घेतला होता की नाही? तुझ्या आईची वाळत घातलेली साडी खाल्ली त्याने, तरी मी बोललो का काही?”

“मी बोलले होते,” मागून सुनीता म्हणाली.

“मला! अर्बाबला नाही!”

रुचाने मांजर सांभाळलं. त्या दिवसांत फोनवर तिचं बोलणं कमी आणि शिंका जास्त ऐकू यायच्या. मी आपला खूश होतो. पोरगी रुळली, असं सगळ्यांना सांगत होतो. तिचा आवाज दर फोनला जरा जरा बारीक होत चाललाय, हे सुनीताला कळत होतं. मला वाटायचं नेटवर्क खराब आहे.

डिसेंबरच्या सुट्टीत ती घरी आली ती गप्पच. मासे जेवली, झोपली, उठली, पुन्हा गप्प. शेवटी आईजवळ तिने सांगितलं आणि बाहेरच्या खोलीत पेपर वाचायचं नाटक करत मी ऐकलं. हेलनबाईंनी तिला सांगितलं होतं, “तू सगळ्यालाच हो म्हणतेस. तुला स्वतःला काय वाटतं, हे मला कळतच नाही. बहुतेक ह्या विषयात तुझं मन नाही. पुढच्या सत्राचं फंडिंग द्यायचं की नाही, ते आपण सुट्टीत एकदा बोलून ठरवू.”

“आई, आणि तिचं कॅल्क्युलेशन राँग आहे,” रुचा म्हणाली. “तिने धरलंय की विहीर खारट झाली की शेतकरी ती बंद करतो. पण इथे बंद नाही करत ना! मी पाहिलंय.”

“मग सांग की तिला!”

“कसं सांगू? बाबा म्हणतात...”

मला तेव्हाच उठून आत जायला हवं होतं. त्याऐवजी मी विचार करत बसलो, की चूक नेमकी कुठे झाली? हलवा कमी पडला असेल का?

ते बोलणं आमच्या संध्याकाळी, म्हणजे तिथल्या सकाळी ठरलं. रुचा बाहेरच्या खोलीत लॅपटॉप लावून बसली. मला आतल्या खोलीत राहायची सक्त ताकीद होती. आता तुम्हीच सांगा, मुलीचा अर्बाब आपल्या घरी आलाय (पडद्यावर का होईना), आणि त्याला कहवा नाही? खजूर नाही? वीस वर्षं ओमानचं मीठ खाऊन हे मला बघवेना. मी इस्त्रीचा शर्ट घातला, ट्रेमध्ये खजूर, हलवा आणि कहव्याचा थर्मास घेतला आणि बाहेर आलो.

“वेलकम मॅडम! वेलकम टू अवर हाऊस!”

रुचाने डोळे मिटून घेतले. हेलनबाई बिचाऱ्या गोंधळून हसल्या. मी छोट्या कपात कहवा ओतला आणि हातच्या सवयीने तो कप सरळ पडद्यापुढे धरला. बाईंनी नकळत हात पुढे केला! मग दोघांच्याही लक्षात आलं, आणि कहवा मीच पिऊन टाकला.

“मॅडम, शी इज लाइक युवर डॉटर,” मी म्हणालो आणि कोणी ‘बसा’ म्हणालं नाही म्हणून तिथेच उभा राहिलो.

बाईंनी सौजन्याने मान डोलावली आणि मुद्द्यावर आल्या. “रुचा, मी तुला माझा नवा आराखडा पाठवला होता. मला आज खरं उत्तर हवंय. तुला तो पटतो का?”

रुचाने तोंड उघडलं. मिटलं. शेवटी बापाचं काळीज! मी मदतीला धावलो.

“येस, मॅडम! ऑलवेज येस! शी नेव्हर से नो! गॅरंटी!” (खिडक्यांचीही आम्ही अशीच गॅरंटी देतो.)

“बाबा, नाही!”

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं.

“नाही म्हणजे नाही! तुम्ही आत जा. मला बोलू द्या!” रुचा म्हणाली. मग ती पडद्याकडे वळली आणि इंग्रजीत जे सुरू झाली, ते मी दारातून ऐकलं. आत जा म्हटलं तरी पाय हलत नव्हते. “नाही हेलन, मला तुमचा आराखडा पटत नाही. आमच्या गावात खारट विहिरी बंद होत नाहीत. बाबांच्या बॉसच्याच शेतावर मी पाहिलंय. लिंबाची झाडं मेली, पण खजुराला खारं पाणी चालतं, म्हणून ते पंप चालूच ठेवतात. समुद्र आणखी आत येतो. तुमच्या हिशोबात हे पंप बंद आहेत. आणि मला तुमच्या मांजराची अ‍ॅलर्जी आहे. आणि मला खुर्ची हवी आहे!”

हेलनबाईंनी चष्मा काढला. “हे तुला केव्हापासून माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

रुचाने माझ्याकडे पाहिलं. मी खजुरांकडे पाहिलं.

मग तिने बाईंना अर्बाब म्हणजे काय ते समजावून सांगितलं. व्हिसा, सही, बोकड, सगळं. मला वाटलं बाई हसतील, पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मांजराचं मी निदान पुन्हा एकदा विचारायला हवं होतं. पण रुचा, ‘हो’ म्हणायला माझ्याकडे कॉम्प्युटर आहे. तुला मी ‘नाही’ म्हणायला घेतलंय. आता त्या खजुराच्या शेतांबद्दल सांग, आणि सावकाश सांग, मी लिहून घेते.” रुचा बोलत राहिली. मधेच फंडिंगचा विषय निघाला आणि बाईंनी तो ‘अर्थात आहेच’ म्हणून एका वाक्यात मिटवला.

मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. वाईट वाटलं, ते लपवत नाही. मुलीने परक्या बाईसमोर ‘आत जा’ म्हटलं होतं. पण बाहेरून तिचा आवाज येत होता. तो बारीक नव्हता, खणखणीत होता, आणि त्याचा अभिमानही तितकाच वाटत होता. दोन्ही एकदम वाटलं की माणसाला काय करावं ते कळत नाही, म्हणून मी ट्रेमधला हलवा खात बसलो.

सुनीता समोर येऊन बसली. “तुमचं काही चुकलं नाही हो,” ती म्हणाली. “तुम्हाला जे तारून गेलं, तेच तुम्ही तिला दिलंत.”

खरंच होतं ते. माझ्या एकेका ‘हो’वर हे घर उभं राहिलं. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही, अजूनही वाटत नाही. पण ‘हो’ म्हणून म्हणून मी जे कमावलं ते कशासाठी? पोरीला तसं म्हणावं लागू नये, ह्यासाठीच ना? आणि नेमकं तेच मी शिदोरी म्हणून तिच्या बॅगेत भरून दिलं होतं. तिथे रुळायला तिला मदत करता करता मी तिला इथेच बांधून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तो वेगळाच माणूस होऊन. अबू सालिमनी केबिनमध्ये बोलावलं. निझवाला नवं हॉटेल होतंय, उद्याच निघायचं, सगळ्या खिडक्यांची मापं घेऊन आठवड्याने परत. “यल्ला, चलो!” त्याच आठवड्यात रुचाचं परतीचं विमान होतं. माझ्या ओठांवर ‘इन्शाल्ला’ आलं होतं. मी ते गिळलं.

“नाही, अर्बाब,” मी आमच्या गल्फच्या हिंदीत म्हणालो. “मैं नहीं जाएगा.”

अबू सालिम बघतच राहिले. खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आले आणि माझ्या कपाळाला हात लावला. “मरीद? बुखार है?” त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी काळजी होती. इतक्या वर्षांत मी कधी असं बोललो नव्हतो. माणूस भ्रमिष्ट झाल्याशिवाय असं बोलेल कसा? त्यांनी ताबडतोब ड्रायव्हरला हाक मारली, मला स्वतः गाडीत बसवलं आणि आठवडाभर अंथरुणातून हलायचं नाही, असं बजावलं.

गाडीतूनच मी घरी फोन करून सगळं सांगितलं होतं, त्यामुळे पोचताच रुचा धावत दारात आली. “बाबा, तुम्ही खरंच ‘नाही’ म्हणालात?”

“म्हणालो!”

“आय अ‍ॅम सो प्राउड ऑफ यू!” तिने मला मिठी मारली. मग तिने विचारलं, “पण तुम्ही आजारी नाही आहात, हे त्यांना सांगितलंत ना?”

मी अंथरुणावर पडलो आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

“अगं, अर्बाब स्वतः म्हणतोय मी आजारी आहे. त्याला ‘नाही’ कसं म्हणणार?”