काकूंच्या देवाचं दही

समोरच्या काकूंनी विरजणासाठी वाटी पुढे केली आणि विचारलं, "आपलं आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं. वाटी पदराआड गेली.

"राहू द्या. आमच्याकडे देवाला लागतं दही."

आणि त्या वरच्या मजल्यावर माईंकडे गेल्या. दह्याचा चमचा माझ्या हातात तसाच.

बिबवेवाडीत नुकतंच बिऱ्हाड केलं होतं. माझ्या माहेरी म्हैस होती, पण दूध किटलीतून डेरीला जायचं. घरात कोरा चहा, भाकरी, ठेचा. दूध फक्त आजारी माणसाला. दही लावायला मी पुण्यात शिकले. मंडईजवळच्या दूधवाल्याकडून विरजण आणलं, तान्ह्या बाळासारखं पातेलं टॉवेलात गुंडाळलं. वाटलं, दही कवडीदार लागलं की आपण पुणेकर. अक्कल बघा. लोक आडनाव विचारतायत आणि ही बाई दह्याच्या कवड्या दाखवतेय.

गंमत पुढेच आहे. माई महिनाभर गावी राहून परतल्या होत्या, घरात दह्याचा थेंब नव्हता. त्यांनी विरजण माझ्याकडूनच नेलं होतं. म्हणजे काकूंच्या देवापुढे माझंच दही. मी किती हसले. भांडी घासताना हसायचे, जिन्यात हसायचे. जिंकले म्हणे. अहो, पदर तोंडात कोंबून हसणाऱ्याला कुणी जिंकलेला म्हणतं का? दही देव्हाऱ्यात पोचलं होतं. मी बाहेरच होते.

मग काकूंकडे सत्यनारायण. बोलावणं सगळ्या बिल्डिंगला, म्हणून मलाही. मठ्ठा आला. सगळ्यांना स्टीलचे पेले. मला काचेचा, तोही उंबऱ्याजवळ.

"तुमचा वेगळा काढून ठेवलाय हं," काकू गोड आवाजात म्हणाल्या.

मी पेला खाली ठेवला. "काकू, याचं विरजण माझ्या घरचं आहे. माईंना विचारा."

माई खाली बघत पुटपुटल्या, "कशाला गं हे आता?"

संध्याकाळी काकूंनी दही मोरीत ओतलं. थोड्या वेळाने माईंनीही. माईंचं ओतणं मनाला जास्त लागलं.

आता म्हातारी झाले, दमले आहे. भांडणाची हौस फिटली. दही पिशवीत मिळतं, विरजण कुणी मागत नाही. पण आडनाव अजून विचारतात, जरा आडवळणाने. विचारोत. लपून मी कुणाच्या देव्हाऱ्यात शिरणार नाही, नातींनाही शिरू देणार नाही. माझ्या हातचं हवं असेल तर पंगतीत मीही बसेन. नाहीतर दोन्ही नाही.