बुडालेल्या गावाचं आमंत्रण

आत्याबाई ज्या गावच्या मंडईचं आमंत्रण साऱ्या भंडारा जिल्ह्याला देत फिरायची, ते गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली होतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. त्या करंजघाटातच ती जन्मली होती, तिथलं घर मोडताना ती हजर होती, आणि नदीकाठच्या आंब्याचा शेंडा पाण्यात दिसेनासा झाला तेव्हा "चला, कोनी चा मांडा" असं म्हणून सगळ्यांना मागं वळवणारीही तीच होती. तरीसुद्धा दिवाळी झाली, भाऊबीज उरकली, की दुसऱ्याच्या गावी पानावरून उठताना ती पदराला हात पुसत घरधनिणीला म्हणायची, "आता तुमी येजा बरं आमच्या करंजघाटच्या मंडईले. पुनवेनंतरचा पयला गुरुवार. नाई आले त कट्टी!"

साठी ओलांडलेल्या बाईनं कट्टीची धमकी दिली की समोरचं माणूस हसतं आणि "येतो" म्हणतं. तसं सगळेच म्हणत. येणार कोणीच नसे.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा वार ठरलेला. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, जावई येतात, कोणाच्या पोरीला कोणाचा पोरगा दाखवला जातो, ऊस-शिंगाड्यांचे ढीग लागतात, आणि कोणत्याही घरात कोणीही शिरलं तरी त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. फक्त एक रीत आहे. आपण ज्याच्या मंडईत जेवलो, त्याला आपल्या मंडईला बोलवायचं. आत्याबाई बोलवायची ती या रीतीनं. "पण आत्याबाई, आपली मंडई आहे कुठं?" असं मी एकदा विचारलं, तर फणकाऱ्यानं म्हणाली, "मंडई नाई म्हनून का मले तोंड नाई? लोकायच्या घरी वडे हानून मुक्यानं उठू का मी?"

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. साकोलीकडं दिलेली, लवकर विधवा झालेली, आणि जन्मभर आरोग्य केंद्रांत सिस्टर म्हणून राबलेली. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका गुडघ्यांना तेल लावतात. हिनं जुनी पांढरी व्हॅन घेतली आणि ती चालवायला शिकली. शिकवणाऱ्या पोरानं अर्ध्यातच हात टेकले, पण तोवर तिला पुढं जाता यायला लागलं होतं. मागं जाणं तिला शेवटपर्यंत जमलं नाही. त्यामुळं व्हॅन नेहमी अशी उभी करायची की निघताना सरळ निघता यावं. "मागं कायले जाचं असते?" असं वर आम्हालाच विचारायची.

दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरहून आले की आम्ही दोघी निघायचो. व्हॅनमध्ये चटई, उशी, पाण्याचा कॅन, चिवड्याचा डबा आणि करंज्या. मी मोबाईलवर रस्ता काढला की ती चिडायची. "तो मोबाईल तुले चा पाजते का?" रस्ता माणसाला विचारायचा हा तिचा नियम होता, आणि चांगला ओळखीचा रस्ताही ती विचारायची. लाखनीला जायला कुठून वळायचं हे लाखनीच्या पाटीखाली उभ्या असलेल्या माणसाला विचारलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या माणसानं काही क्षण पाटीकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं आणि चहाला चला म्हणाला.

हमरस्ता तिला कंटाळवाणा वाटे. तलावाच्या पाळीवरून जाणारा कच्चा रस्ता दिसला की स्टीअरिंग आपोआप तिकडं वळे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पिवळ्या धानाच्या बांध्या, आणि मध्ये आमची व्हॅन डुलत चाललेली. तलाव आला की चपला काढून ती पाय पाण्यात सोडून बसायची आणि थोड्या वेळानं निकाल द्यायची. शिवनीबांध हा "खाऊनपिऊन सुखी" होता. रावणवाडीचा तलाव "फोटो काढून घेनारा". चांदपूरचा "मोठ्या घरचा, पन मान्सात बसनारा". वाटेतल्या एका निनावी बोडीत, म्हणजे छोट्याशा तळ्यात, एवढी कमळं होती की पाणीच दिसत नव्हतं, तिच्याकडं बघून म्हणाली, "हे गरीब हाय बिचारी, पन सजून बसते." जिल्ह्यातल्या बहुतेक पाण्यात तिचे पाय भिजले होते. एक पाणी सोडून. पवनीच्या रस्त्यावर उजवीकडं गोसीखुर्दचं पाणी चमकायला लागलं की ती एकाएकी कोणाच्या तरी लग्नाची गोष्ट काढायची आणि मान सरळ ठेवून गाडी हाकायची. मीही त्या लग्नातली जेवणावळ मन लावून ऐकायची.

जंगलात मात्र तिच्या अंगात यायचं. नाकाडोंगरीच्या बाजूला एकदा वळणावर रानगवा उभा. काळाभोर, व्हॅनएवढा. मागं जाणं तर शक्यच नव्हतं. आत्याबाईनं इंजिन बंद केलं, करंजीचा डबा उघडला आणि एक माझ्या हातात दिली. "खाय. त्याले जाचं असन तवा जाईन." गवा आमच्याकडं बघत राहिला, आम्ही करंज्या खात राहिलो. शेवटी तो रस्ता ओलांडून साजाच्या झाडांत शिरला, तेव्हा ही खिडकीतून डोकं काढून म्हणते, "यालेबी सांगून देऊ का मंडईचं?" पुढच्या नाक्यावर भेटलेल्या नाकेदाराला, म्हणजे आमच्याकडच्या वनरक्षकाला, तिनं सांगितलंच. तो बिचारा आडवा बांबू हातात धरून "हो बाई, येतो बाई" करत राहिला.

गाव उठलं तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले. काही घरं करंजघाटच्या फाट्याच्या वरच्या अंगाला वसली, काही खालच्या. वरचं पुनर्वसन आणि खालचं पुनर्वसन. वरच्यांचा म्होरक्या आमचा सदूकाका, खालच्यांचे पुंडलिकभाऊ. लहानपणी दोघं एकाच म्हशीवर बसून नदीत उतरलेले. नव्या जागी आल्यावर पहिल्याच वर्षी मंडई कोणाकडं भरवायची यावरून दोघांत जुंपली आणि मंडई बंदच पडली. आत्याबाई भाऊबीजेला दोघांकडंही ओवाळायला जायची आणि दोघांनाही तेच विचारायची. सदूकाका म्हणायचा, "खालचे आले त भरवू." पुंडलिकभाऊ म्हणायचे, "वरचे उतरले त भरवू." आणि करंजघाटच्या लेकी, ज्या मंडईच्या निमित्तानं माहेरी यायच्या, त्या हळूहळू यायच्या थांबल्या. आत्याबाई सगळं हसण्यावारी न्यायची, पण हे तिला फार लागलं होतं. "भावाच्या घरी गेली म्हंजे माहेरी गेली असं नसते पोरी," असं ती एकदा गाडी चालवताना म्हणाली.

मग एका वर्षी भलतंच घडलं. अड्याळकडच्या कुठल्याशा मंडईत आत्याबाई आमंत्रण देत असताना एका भजीवाल्यानं मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढला. "येजा बरं, नाई आले त कट्टी!" हे त्याला इतकं आवडलं की त्यानं तो चार जणांना धाडला. त्या चौघांनी पुढं धाडला. पाहणाऱ्यांचा समज एकच झाला, की करंजघाटची मंडई पुन्हा सुरू झाली. आम्हा दोघींना याचा पत्ताच नाही. पुनवेनंतरच्या गुरुवारी सकाळी आम्ही शिवनीबांधच्या पाळीवर बदकं बघत चिवडा खात होतो, तेवढ्यात सदूकाकाचा फोन आला.

"बाई, काय करून ठेवलं वो तू हे? फाट्यावर पाळन्यावाला खांब गाडून राहिला! मी म्हटलं कायचा पाळना, त म्हनते तुमची मंडई हाय. बांगड्यावाल्या येऊन बसल्या. उसाचा टेम्पो आला. अन् पाव्हने उतरून राहिले वो!"

आत्याबाईच्या हातातला चिवडा तसाच राहिला. ती घाबरलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. आयुष्यभर लोकांच्या घरी जेवून दिलेलं आमंत्रण आज खरं होऊन दारात उभं होतं, आणि त्या दारात चूल पेटलेली नव्हती. "धरनानं घरं बुडली, पोरी," ती मला म्हणाली, "पन आज पाव्हना उपाशी वापस गेला त गाव बुडते."

मग तिनं नाक पुसलं आणि फोनवर सदूकाकाला म्हणाली, "चुली पेटवा."

"पन मंडई कोनाची? वरची का खालची?"

"जो पयले भात टाकीन त्याची!"

फोन ठेवला आणि लगेच पुंडलिकभाऊंना लावला. "काय पुंडलिक, तू बसलाच हायस का? तिकडं सदूनं भाताचं आधन ठेवलं ना बाप्पा!"

लाखांदूरच्या रस्त्यानं त्या दिवशी ती जशी सुटली, तसं मी तिला कधी गाडी हाकताना पाहिलं नाही. तलाव आले, गेले, तिनं मान वळवली नाही. पुढं फुग्यांची सायकल बांधलेला टेम्पो दिसला की कळवळायची, "अवो माय, हाबी आमच्याचकडं जाऊन राहिला!"

फाट्यावर पोचलो तेव्हा दोन्ही पुनर्वसनांवर धूर होता. जागेचा प्रश्न दुकानदारांनीच सोडवला होता. त्यांना ना वरचे ठाऊक ना खालचे. रस्ता रुंद दिसला तिथं, बरोबर मधल्या पडीक जागेत, त्यांनी पालं ठोकली होती. आणि त्या गर्दीच्या तोंडाशी सदूकाका आणि पुंडलिकभाऊ एका अनोळखी पाहुण्याला दोन्ही बाजूंनी ओढत होते. एकाच्या हातात त्याची पिशवी, दुसऱ्याच्या हातात त्याचा हात.

"चा आमच्याकडं झाला, आता जेवन आमच्याकडं!"

"अरे, चा म्हंजे का जेवन असते का? पातोडीचा रस्सा केला आमी!"

पाहुणा म्हणाला, "दोघायकडं जेवतो ना भाऊ, सोडा," आणि हे ऐकून दोघंही एकदम हसले. किती वर्षांनी, ते तेच जाणोत.

दिवसभर माणसं येत राहिली. शिंगाडे विकणारी बाई टोपलीसकट आली. नाकाडोंगरीचा नाकेदार बायकोला घेऊन आला आणि आत्याबाईपुढं हात जोडून म्हणाला, "कट्टी नोको म्हनून आलो बाई." लाखांदुरातून, तुमसरातून, पार नागपुरातून करंजघाटच्या लेकी आल्या. ज्यांना परत यायचं म्हणजे नेमकं कुठं यायचं हेच कळत नव्हतं, त्या या फाट्यावर एकमेकींच्या गळ्यात पडून मोकळेपणी रडल्या आणि लगेच बांगड्या भरायला बसल्या. पोळ्या वरच्या अंगाला लाटल्या गेल्या, वांग्याची भाजी खालून आली. कोणाचं पान कोणाच्या घरचं, हे दुपारनंतर कोणालाच सांगता आलं नसतं. मी पाळण्यात बसले. आत्याबाईही बसली, आणि वर गेल्यावर किंचाळली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ती मला घेऊन जुन्या रस्त्यानं निघाली. गावाचा तो डांबरी रस्ता आता सरळ पाण्यात उतरतो. पाण्याशी येऊन ती थांबली, चपला काढल्या आणि पाय आत सोडून बसली. मागून पाळण्याचा करकर आवाज आणि पिपाण्या ऐकू येत होत्या. मी निकालाची वाट पाहिली आणि शेवटी विचारलंच, "हा कसा आहे, आत्याबाई?"

तिनं पाण्यात पाय हलवले. "काय सांगू? न सांगता आला, अन् घरातच ऱ्हायला." मग म्हणाली, "पाव्हनाच समजाचा त्याले. आता काय हाकलनार हाय?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात दुसऱ्याच्या घरचा अनारसा होता.

त्यानंतर फाट्यावर मंडई भरू लागली ती कायमची. आत्याबाईला आणखी काही वर्षं मिळाली, आणि ती तिनं दोन्ही पुनर्वसनांत जेवून घालवली. या पावसाळ्यात ती गेली. झोपेत गेली, कोणाला त्रास दिला नाही. तिची आठवण आली की मला अजून आधी हसू येतं, मग भरून येतं.

यंदा दिवाळीनंतर व्हॅन मी काढली. चटई, उशी, करंज्या, सगळं तसंच. नाकाडोंगरीच्या नाक्यावर तोच नाकेदार होता. व्हॅन ओळखून त्यानं लांबूनच बांबू वर केला, वाकून शेजारच्या रिकाम्या सीटकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. त्याला कळलं. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

रडू येईल म्हणून मी घाईघाईनं म्हटलं, "पुनवेनंतरचा पयला गुरुवार. येजा बरं भाऊ."

"तुमी कायले सांगता ताई," तो म्हणाला. "बाईनं गेल्याच साली सांगून ठेवलं हाय ना. येतो."