सगळं घर रंगांधळं

मी माझं सगळं घर, शेजारचे हसनभाई आणि अलिबागच्या एक डॉक्टरीणबाई एवढ्या मंडळींना रंगांधळं ठरवलेलं आहे.

आमची सुजाता जहाजावर अधिकारी व्हायला निघाली, तिथून हे सुरू झालं. आगरदांड्याच्या जेटीपासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. दिघीची फेरीबोट बघत बघत पोरगी मोठी झाली, मग ती बँकेत थोडीच जाणार? प्रवेशपरीक्षा पास झाली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, आता फक्त मुंबईला मेडिकल. त्यात रंगांची तपासणी असते. लाल-हिरवा ओळखता आला नाही तर घरी पाठवतात."

"का म्हणून?"

"अंधारात समोरच्या जहाजाचे दिवेच तेवढे दिसतात ना! डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. त्यावरून ते कुठे चाललंय ते कळतं. नाही कळलं तर धडक!"

'धडक' ऐकून माझ्या आईच्या हातातली भाकरी ताटात पडली. मी मात्र शांत होतो. परीक्षेला घाबरायचं नसतं, सराव करायचा असतो, हे मी शाळेत मुलांना रोज सांगतो. (मी गणित शिकवतो. मुलं अजूनही घाबरतात.)

दुसऱ्या दिवशी मी ती तपासणीची चित्रं मोबाईलवर उतरवून घेतली. रंगीत ठिपक्यांनी भरलेलं वर्तुळ आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा. उत्तरं शेवटी दिलेली होती. ती मी उघडलीसुद्धा नाहीत. गणिताचा मास्तरच उत्तरं बघायला लागला तर मग संपलंच!

"बोल, कुठला आकडा?"

"आठ," सुजाता म्हणाली.

मी मोबाईल माझ्याकडे वळवला. स्वच्छ तीन होता.

"नीट बघ."

"नीटच बघतेय. आठ आहे."

"बरं, हा?"

"चौऱ्याहत्तर."

एकवीस होता! पुढचं चित्र तर नुसत्या ठिपक्यांचं, आकडा टाकायचाच राहून गेलेलं. त्यातही पोरीला पंचेचाळीस दिसला! नसलेले आकडे दिसायला लागले म्हणजे प्रकरण फारच पुढे गेलेलं होतं.

मी बायकोला हाक मारली. वैशाली पदराला हात पुसत आली, चष्मा लावला आणि म्हणाली, "आठ."

"तूसुद्धा?"

"मीसुद्धा काय? आठाला आठ म्हणू नको तर काय म्हणू?"

मग आईला दाखवलं. आईनं मोबाईल दूर धरला, जवळ धरला. "दोन भोपळं येकावर येक ठेवल्यावानी हाय बघ."

तीन पिढ्या! एकाच घरात!

"अहो," वैशाली म्हणाली, "आम्हा तिघींना आठ दिसतो, तुम्हाला एकट्याला तीन. काही सुचतंय का?"

"बहुमतानं गणित ठरत नाही!" मी ठणकावून सांगितलं.

"बाबा, शेवटी उत्तरं आहेत ती बघू या ना."

"कॉपीची सवय नको! आणि इंटरनेटवर लोक काय वाटेल ते लिहितात." (चित्रंही इंटरनेटवरूनच घेतली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.)

खात्री करावी म्हणून मी संध्याकाळी सुजाताला जेटीवर नेलं. दिघीहून फेरीबोट येत होती. तिच्या उजव्या अंगाला एक दिवा लुकलुकत होता.

"कुठला रंग?"

"हिरवा."

तो पांढरा होता. घरच्या ट्यूबलाईटइतका पांढरा! शेजारचे हसनभाई तिथेच गळ टाकून बसले होते. आखातात नोकरी करून आलेला, जग बघितलेला माणूस. मी त्यांना विचारलं. "हिरवा हाय की, मास्तर," ते म्हणाले. मी मोबाईल पुढे केला. "आठ. अल्लाकसम, आठ!"

आता कारणही कळलं. दोन्ही घरं एकाच विहिरीचं पाणी पितात. मी तेवढा दिवसभर शाळेत, शाळेच्या नळाचं पाणी पितो. म्हणून वाचलो!

त्या संध्याकाळी सुजाता जेवली नाही. पडवीत गुडघ्यांत डोकं घालून बसली आणि म्हणाली, "राहू दे, बाबा. मी बी.एस्सी.ला नाव घालते." पण मास्तर खचला तर वर्ग खचतो. मी जाहीर केलं, "पाठ करायचं! दिसत नाही ना? न दिसो. पहिलं चित्र तीन, दुसरं एकवीस. मी आहे ना!"

आणि आम्ही कामाला लागलो. पहाटे उठल्याबरोबर घोकंपट्टी. दात घासताना घोकंपट्टी. मी चित्र दाखवायचं, पोरीनं "तीन" म्हणायचं. "आठ" म्हणाली की पुन्हा पहिल्यापासून. घरातलं पाणी उकळून यायला लागलं. मुरूडच्या बाजारातून मी पोत्यानं गाजरं आणली. गाजराची भाजी, गाजराची कोशिंबीर, आमटीत गाजर. बोंबील बंद.

"मी काय ससा हाय?" आईनं ताट सरकवलं.

"आई, तुझ्या डोळ्यांसाठीच!"

"माझं डोळं मोतीबिंदूचं आपरेशन झाल्यापासून फष्टक्लास हायेत!"

रविवारी विहारात वंदना संपली आणि मी खिशातून मोबाईल काढला, तशी निम्मी माणसं चपला हातात घेऊन मागच्या दारानं सटकली. जी सापडली, ती सगळी आठवाली निघाली. सगळ्या गावाचं पाणी तपासायला देण्याचा ठराव मी मांडणार, एवढ्यात वैशालीनं माझा हात धरून मला बाहेर काढलं. "पुरे झालं. उद्या अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. नाहीतर मी माहेरी जाते. तिथं बोंबील मिळतात."

अलिबागच्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी सुजातापुढे ठिपक्यांचं खरं पुस्तक धरलं. सुजातानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तीन."

बाई दचकल्या. "तुला खरंच तीन दिसतो?"

"दिसतो आठ. पण बाबा तीन म्हणायला सांगतात."

"आठच आहे," बाई म्हणाल्या.

मी वैशालीकडे बघितलं. इथंही! मी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, राग मानू नका. तुम्ही लहानपणी आमच्या बाजूला राहायला होतात का? विहिरीचं पाणी वगैरे?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, तुम्ही जरा या खुर्चीत बसा."

मी बसलो. खडाखड उत्तरं दिली. "तीन. एकवीस. यात काही नाही, छपाईची चूक आहे. यातही नाही. पुस्तक बदलून घ्या, मॅडम, फसवलंय तुम्हाला."

"मुलीचे डोळे उत्तम आहेत," बाई म्हणाल्या. "रंगांधळे तुम्ही आहात. जन्मापासून."

मग वैशाली हसायला लागली, ती थांबेचना. "साखरपुड्यात माझ्या हिरव्या साडीला 'हा चॉकलेटी रंग तुला शोभतो' म्हणालात! मला वाटलं, बिचारे लाजलेत! आणि ते कच्चे टोमॅटो! दर आठवड्याला कच्चे टोमॅटो! मला वाटायचं, भाजीवाला फसवतो!"

"हे आईकडून मुलाला येतं," बाई सांगत होत्या. "आईला स्वतःला सहसा काही होत नाही."

घरी हे आईला सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्याकडनं? वर मलाच गाजरं चारलीस?" त्या दिवशी घरात बोंबील तळले. मला वाढताना माझ्या ताटात गाजर आलं.

पण खरं संकट पुढेच होतं. पोरीच्या डोक्यात आता चुकीची उत्तरं पक्की बसली होती! मी शिकवलेलं गणित मुलांच्या डोक्यात एक दिवस टिकत नाही, आणि हे नेमकं टिकलं! चित्र समोर आलं की डोळे आठ बघायचे आणि तोंड तीन बोलायचं. मी पुन्हा कंबर कसली. मेडिकलच्या दिवशी रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये आमची उजळणी चालू होती. "आठ! चौऱ्याहत्तर! जोरात म्हण! आठ! चौऱ्याहत्तर!"

शेजारी बसलेला एक प्रवासी हळूच वाकला. "साहेब, मटक्याचा आकडा पक्का आहे का?"

मुंबईत तपासणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मी बाहेरच्या बाकावर श्वास धरून बसलो. आतून आवाज आला. "ती..." मी बाकावरून उठलोच. "...आठ!"

"तीन की आठ?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ, सर. तीन वडिलांचा आहे."

मग डॉक्टरांनी चित्रं उलटसुलट करून सगळी तपासणी पहिल्यापासून घेतली. या वेळी पोरगी कुठेही अडखळली नाही. पास! ती बाहेर आली आणि माझ्या गळ्यातच पडली. मी रडलो. माझ्या मागोमाग बाकावरचे दोन अनोळखी उमेदवारही डोळे पुसायला लागले.

एवढ्यात डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "मुलगी पास आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही स्वतः काय करता? जहाजावर, रेल्वेत वगैरे नाही ना?"

"छे, छे! मी शाळेत गणित शिकवतो."

"गणित! मग काही हरकत नाही," डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला.

मी खोटं बोललो नव्हतो. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत आणि रंगकामाचे त्यांचे सगळे तास सध्या माझ्याकडे आहेत, एवढंच फक्त सांगितलं नाही.