पाच वाव पाण्याचा तांडेल

सत्यवान तांडेलाशी ज्याचं कधी भांडण झालं नाही असा माणूस मिठबावात शोधायचा तर पाळण्यांतून शोधावा लागेल. पोस्टमनशी भांडण, कारण पत्र उशिरा येतं. एसटीच्या कंडक्टरशी भांडण, कारण गाडी वेळेवर सुटते. लग्नाच्या पंगतीत सोलकढीत मीठ कमी पडलं म्हणून वरबापाशी भांडायचा आणि तीच सोलकढी तीन वाट्या पिऊन उठायचा. त्याची बायको चंद्रावती मासळीची टोपली डोक्यावर घेऊन वाडीवाडी हिंडायची आणि मासळीसोबत नवऱ्याची बदनामीही फुकट वाटायची. म्हणायची, "आमच्या घोवाक दर्यान शिकवलेला नाय. दर्याक तेणा शिकवलेला. म्हणान दर्यो सारखो आदळता."

पण हाच माणूस सकाळी किनाऱ्यावरच्या वाळूच्या उंचवट्यावर उभा राहिला की मुका व्हायचा. आमच्याकडची रापण तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. लांबच लांब जाळं होडीतून समुद्रात अर्धगोल सोडायचं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे आणि साठ घरांच्या बाया-माणसांनी ते ओढायचे. होडी कधी सोडायची, कुठे वळवायची, हे तांडेल म्हणून एकटा सत्यवान ठरवायचा. पाण्यावर सावली कशी सरकते, पाखरं कुठल्या अंगाला झुकतात, यावरून त्याला मासळीचा थवा दिसायचा. डोक्यावरची टोपी काढून हवेत फिरवली की होडी सुटली. टोपी डोक्यावरच राहिली की सगळ्यांनी चहाला जायचं. तीस वर्षांत क्वचितच चुकला, आणि चुकला तेव्हा वाऱ्याशी भांडला.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर गावात एक सरकारी जीप आली. जीपमधून उतरल्या डॉक्टर शर्मिष्ठा, म्हणजे औषध देणाऱ्या नव्हेत, यंत्रांना अक्कल देणाऱ्या. त्यांच्याबरोबर गंधार नावाचा पुण्याचा तरुण इंजिनियर. शाळेत सभा भरली. बाई बोलायला गोड. म्हणाल्या, माणसासारखा विचार करणारं यंत्र बनवायची देशादेशांत शर्यत लागली आहे. अमेरिका पुढे आहे, जपान पुढे आहे, चीन मागून धावत येतोय. आपण पहिले आलो तर जग आपल्याकडे शिकायला येईल, मागे पडलो तर शंभर वर्षं दुसऱ्यांचं विकत घेत बसू. आणि आपल्याकडे जे कुणाकडेच नाही ते आहे, ते म्हणजे सत्यवानदादांसारख्या माणसांचं डोकं. ते आपण यंत्राला शिकवू.

सरपंच परशुराम आधीच भारावले होते. "म्हणजे मॅडम, आपल्या गावामुळे देशाचा पहिला नंबर येणार?" कचेरीत शोभेल अशी त्यांची मराठी अजून खुर्चीवरून खाली उतरली नव्हती.

"येऊ शकतो," बाई म्हणाल्या. "आणि सहकार्य करणाऱ्या गावाला बर्फाचं कोठारही मिळेल."

टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "आधी लाईट येवंदे, मगे अक्कल!" सगळे हसले. सत्यवान हसला नाही. उभा राहिला.

"बाई, एक इचारतंय. ता यंत्र शिकला, मासो खंय आसा ता तेका कळला. मगे ता सांगतला कोणाक?"

"सगळ्यांना. रेडिओवरून, फोनवरून. देशाच्या प्रत्येक मच्छीमाराला."

"ट्रॉलरवाल्याक पण?"

"तोही मच्छीमारच ना, दादा?"

"मगे आमच्या साठ घरांनी काय वाळू ओढूची?"

आता गंमत बाजूला ठेवून सांगतो, कारण प्रश्न गमतीचा नव्हता. रापणीचं जाळं किनारा सोडून लांब जात नाही. पाच वाव, म्हणजे तीसेक फूट, खोलीच्या आतलं पाणी, तेवढंच आमच्या वाडीचं शेत. तिथे ट्रॉलर यायचा नाही असा कायदा होता, पण कायदा कागदावर राहायचा आणि ट्रॉलर पाण्यावर. तिथे थवा आलाय हे त्यांना घरबसल्या कळलं तर किनाऱ्यापर्यंत पेडव्यासारखा बारका मासाही पोचणार नव्हता. सत्यवानने अट घातली. पाच वाव पाण्याच्या आतली बातमी यंत्राने कुणाला सांगायची नाही, आणि तसं लिहून द्यायचं.

"वर कळवते," बाई म्हणाल्या.

"सत्या, देशाचो प्रश्न आसा!" परशुरामांची कचेरीतली मराठी संपली. "तू वाव कसले मोजतंस?"

"मगे मी काय परदेशातसून इलंय? ही साठ घरां देशात येत नाय?"

वरून उत्तर आलं, पण ते अटीचं नव्हतं. सहकार्याबद्दल गावाचे आभार मानणारं पत्र आलं. परशुरामांनी ते हातात धरून फोटो काढला आणि पेपरात दिला. फोटोत सत्यवान नव्हता, पण बातमीत तो देशासाठी "आनंदाने" तयार झाला होता. पेपर वाचून तो तासभर कुणाशीच भांडला नाही. चंद्रावती घाबरली. मग तो गंधारला म्हणाला, "ये, इचार. जितक्या इचारशीत तितक्याच सांगतलंय."

गंधारने चौदा महिने विचारलं. गुणी पोर, रोज पहाटे छापील फॉर्म घेऊन उंचवट्यावर हजर. वार कुठला? वारा कुठला? पाण्याचा रंग? पाखरं किती? भरती की ओहोटी? जाळं टाकलं का? किती टोपल्या मिळाल्या? सत्यवान एकेकाचं बरोब्बर उत्तर द्यायचा. दुपारी गंधार त्याच्याच घरी जेवायचा.

आता आमच्या वाडीत सोमवारी रापण लागत नाही. रामेश्वराचा वार. समोर मासळीने पाणी उकळत असलं तरी दोर भिजवायचा नाही. वाडीत कोणी गेलं, तरी जाळं नाही. शेजारच्या वाडीची पाळी असली, तरी नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणूनच कोणी कुणाला सांगत नाही. सोमवारी गंधार विचारायचा, "जाळं टाकलं?"

"नाय."

"टोपल्या?"

"शून्य."

लिहिलं. दुपारी चंद्रावती त्याच्या पानात डाळ-भात वाढायची. "आज सोमवार रे बाबा, आज मासो नाय." पुण्याच्या पोराला वाटलं, समुद्रालाही सुट्टी असते! त्याने शून्य आणखी ठसठशीत केलं. एकदा चंद्रावतीला राहवलं नाही. "अरे झिला, मासो नाय म्हणजे..." एवढं म्हणते तोच सत्यवानने ताटातून वर पाहिलं. तिने पुढचं वाक्य आमटीबरोबर गिळलं. बाहेर मात्र सोमवारच्या शून्याची गंमत सगळ्या वाडीला सांगून आली. साठ घरं चौदा महिने त्या पोराशी गप्पा मारत होती, चहा पाजत होती, आणि एकाच्याही तोंडून निघालं नाही. आमच्या गावात एखादी गोष्ट चौदा मिनिटं गुप्त राहिल्याचंही त्याआधी ऐकिवात नव्हतं.

दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत मोठा दिवस ठरला. चार देशांचे पाहुणे, दिल्लीचे साहेब, किनाऱ्यावर मांडव, मांडवात पडदा. पाहुण्यांचं गोव्याहून विमान मंगळवारी, म्हणून दिवस निघाला सोमवार. परशुरामांनी नवा सदरा शिवला होता, पण वार त्यांच्या ध्यानात आला नाही. आला असता तरी त्यांना विचारलं होतं कुणी?

शर्मिष्ठाबाईंनी यंत्राला वारा, पाणी, पाखरं, वार सगळं घातलं. पडद्यावर अक्षरं उमटली: आज किनाऱ्याजवळ मासळी नाही. खात्री त्र्याण्णव टक्के.

दिल्लीच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी नाही वाजवल्या, कारण ते समुद्राकडे पाहत होते. बांगड्याचा थवा इतका जवळ आला होता की पाणी काळसर निळं होऊन शहारत होतं. पाखरं त्यावर तुटून पडत होती. एक बांगडा तर उडी मारून लाटेबरोबर ओल्या वाळूवर आला आणि एका परदेशी पाहुण्याच्या बुटाशी तडफडू लागला. पाहुण्याने वाकून त्याचा फोटो काढला.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "यंत्राचं मागाहून पाहू. आता निदान जाळं तरी टाका. पाहुण्यांना काहीतरी दिसू दे!"

सत्यवान उंचवट्यावर उभा. टोपी डोक्यावर. "सोमवार आसा."

"अहो, देशासाठी!"

"देव पण देशातलोच, साहेब."

तोवर शर्मिष्ठाबाईंनी गंधारच्या हातातली फाईल ओढून घेतली होती. बाई हुशार. दहा पानं उलटली आणि थांबल्या. मग उंचवट्याकडे चालत आल्या, वाळूत टाचा रुतवत.

"दर सोमवारी शून्य. मासा नव्हता म्हणून नाही, तुम्ही जाळं टाकलं नाही म्हणून."

"होय."

"तुम्हाला ठाऊक होतं आम्ही चुकीचं शिकवतोय!"

"चौदा म्हयने."

"मग बोलला का नाहीत?"

"बोल्लंय, बाई. शाळेत, सगळ्यांसमोर. पाच वाव पाणी. तुमी लिवन घेतल्यात?"

बाईंनी फाईल मिटली. साहेब मागून आले होते, त्यांनी तोंड सोडलं. देशाची बेअब्रू, शर्यत, चीन, सगळं एका श्वासात काढलं. सत्यवानने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, शर्यत तुमची, घोडो तुमचो. वैरण मात्र आमची. आणि घोडो तयार झालो की पयलो चरतलो आमच्याच शेतात. देश मागे पडता म्हणतास, पडूक नको माका पण. पण पुढे जावक धक्को आमकाच कित्याक मारतास?"

पाहुणे गाड्यांत बसले. साहेबही गेले. शर्मिष्ठाबाई थांबल्या. रात्री परशुरामांकडे उतरल्या आणि मंगळवारी पहाटे किनाऱ्यावर हजर. टोपी फिरली, होडी सुटली. दोर किनाऱ्याला आला तेव्हा बाईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि चंद्रावतीच्या मागे दोराला हात घातला. दोन तास ओढलं. तळहात सोलले. चंद्रावती चिडवत होती, "गो बाये, पाय रोव, पाय! दिल्लीक चिठी लिवतंस तशी ओढू नको!"

मासळीचे वाटे वाळूवर मांडले गेले. रापणीत दोराला ज्याचा हात लागला त्याचा वाटा, मग तो म्हातारा असो की पाहुणा. एक वाटा बाईंसमोर पडला. त्या नको नको म्हणाल्या.

"नको म्हणूचा नाय," सत्यवान म्हणाला. "हात लावल्यात, वाटो तुमचो. आता माका सांगा, तुमच्या यंत्राच्या दोराक चौदा म्हयने आमच्या साठ घरांचो हात होतो. आमचो वाटो खंय?"

बाईंनी या वेळी "वर कळवते" म्हटलं नाही. म्हणाल्या, "मी भांडते."

आणि खरंच भांडल्या. चार महिने दिल्लीशी भांडल्या. सत्यवानला हे कळलं तेव्हा त्याला त्या बाईविषयी जी माया वाटली, ती त्याला सख्ख्या भावाविषयीही कधी वाटली नव्हती. पण पावसाळ्याच्या तोंडावर त्या स्वतः आल्या, पडवीत बसल्या आणि सरळ सांगितलं, "अट मान्य झाली नाही. माहिती अडवून ठेवली तर आपण शर्यतीत मागे पडू, असं म्हणतात. सोमवार कळला, पण बाकीच्या शून्यांचं कारण सांगायचं की नाही, हे आता तुम्ही ठरवा. मी आग्रह करणार नाही."

"नाय सांगणार."

"गावाचं बर्फाचं कोठार जाईल."

"जांवदे."

कोठार गेलं. दुसऱ्या गावाला मिळालं. अर्धवट शिकलेलं यंत्र धोक्याचं, म्हणून बाईंनी मिठबावचे सगळे फॉर्म यंत्रातून काढून टाकले. पेपरात आलं की एका हट्टी माणसामुळे देशाचं नुकसान झालं. परशुराम चावडीवर त्याला देशबुडव्या म्हणू लागले. हे सोसलं असतं, पण आपली माणसंही कुरकुरली. मे महिन्यात उन्हाने मासळी नासायची, तेव्हा चंद्रावतीच रागाने टोपली आपटायची. "बर्फ असतो तर ह्या फुकट गेला नसता. तुमचा पाणी ऱ्हवला, माजो मासो कुसलो!" सगळ्या जगाशी भांडणारा सत्यवान उठला. टोपली उचलली आणि कुसलेला मासा माडांच्या बुंध्याशी खत म्हणून पुरून आला.

दोन हजार आठ साली मालवणला मच्छीमारांचा मेळावा भरला. यंत्र तयार झालं होतं. भिंतीवर एवढा मोठा नकाशा, विजयदुर्गपासून खाली गोव्याच्या हद्दीपर्यंत. कुठे, कधी, कुठला मासा, ते रंगांत दाखवलेलं. ट्रॉलरवाले वह्या काढून उतरवून घेत होते. मिठबावसमोर तेवढा एक पांढरा तुकडा होता.

नवीन आलेले एक अधिकारी सत्यवानला हाताला धरून नकाशापाशी घेऊन गेले. चांगल्या मनाने म्हणाले, "बघा काका, सगळ्या किनाऱ्यात एकट्या तुमच्या गावाची जागा कोरी. वाईट नाही वाटत? अजूनही सांगा, आपण भरून घेऊ."

सत्यवानने चष्मा चढवला. शेजारी वही घेऊन उभ्या असलेल्या ट्रॉलरच्या मालकाकडे एकदा पाहिलं. मग पांढऱ्या तुकड्यावर आख्खा पंजा ठेवला.

"कोरी खंय? भरलली आसा," तो म्हणाला. "तुमका दिसना नाय, तितक्याच पुरे."