जर्मन खटका

अब्बांचं पिस्तूल जर्मन होतं. अब्बा जहाजाच्या इंजिन रूममध्ये फिटर. शांघाय बंदरात एका जर्मन कप्तानाशी पंजा लढवून ते जिंकलं, असं ते सांगायचे. मी सांगायचो तेव्हा कप्तान सात फुटी व्हायचा, पंजा तीन दिवस चालायचा आणि चौथ्या दिवशी टेबल मोडायचं. उरण ते पनवेल हा किस्सा मी इतक्यांना ऐकवलाय, की शेवटी लोक तो मलाच ऐकवू लागले.

नळीत शिसं ओतून बंद केलेलं ते धूड ट्रंकेत असायचं. ईदला बाहेर निघायचं. हातात घ्यायची मुभा होती, पण एक अट. "बाजूच्या खटक्याला हात लावायचा नाही. जर्मन खटका आहे."

यंदा अब्बा गेले. बिनपरवान्याची वस्तू पोलीस ठाण्यात जमा करायची ठरलं. त्याआधी नळी पक्की बंद आहे ना, हे बघायला मी पावणे एमआयडीसीत गेलो, अब्बांच्या दोस्ताच्या लेथवर. हे काका मूळचे साताऱ्याचे, जन्म लोखंडात गेलेला.

"काका, जर्मन माल आहे. जपून."

त्यांनी भिंग लावलं. "नळी बंदच हाय. पर ह्या छापातला एस उलटा हाय की रं. आन ह्यो शब्दच न्हाई कुठला. ज्यानं ठोकला त्याला वाचता येत नव्हतं."

मग मी मोबाइलवर शोधलं. असली पिस्तुलं शंभर वर्षांपूर्वी चीनमध्ये बनायची. गावोगावचे सरदार आपसात लढत होते, विलायती हत्यार सगळ्यांना हवं होतं आणि पुरत नव्हतं. मग लोहार समोर एक पिस्तूल ठेवून कानशीने दुसरं घडवायचे. छापसुद्धा चित्रासारखा उतरवायचे.

मला हसू आलं. काकांना नाही.

"हसू नको. एकदा पंपाचा पार्ट आला शँपलला, कडेला टवका उडालेला. मी शंभर नग बनवले, शंभरावर त्योच टवका. शँपल म्हंजे शँपल."

त्यांनी लाकडी मूठ सोडवली. आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एक चिनी अक्षर कोरलेलं होतं. तेवढं मात्र सुबक.

मला एकच विचारायचं होतं. अब्बा फसले होते, की आम्हाला फसवत होते?

काकांनी अंगठा खटक्यावर ठेवून दाबला. हलला नाही. परत दाबला. खटका सुटा नव्हताच. त्याच लोखंडातून वर कोरून काढलेला, नुसता देखावा.

"तुझा बाप इंजिनवाला व्हता," काका हळू म्हणाले. "पहिल्या दिवशीच वळखलं आसल त्यानं."

मी पिस्तूल उचलून पिशवीत घातलं. आयुष्यभर थापा मारणारा मी, आणि घरातली सगळ्यात मोठी थाप अब्बांच्या त्या एका अटीत मावलेली.

ठाण्यात हवालदारांनी विचारलं, "मेक?"

सात फुटी कप्तान ओठांवर आला होता. मी म्हणालो, "चिनी. हाताने बनवलेलं. बनवणाऱ्याचं नाव आत आहे, मला वाचता येत नाही."

त्यांनी लिहून घेतलं. मग पिस्तूल उचलून अंगठा बाजूला नेला.

"साहेब," माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या खटक्याला हात लावायचा नाही."

त्यांनी अंगठा झटकन काढला.