काचेतली सोबत

नोकरीची सगळी वर्षं मी माकडांची घरं आखली. एका मोठ्या शहराच्या प्राणिसंग्रहालयात ड्राफ्ट्समन होतो आणि चिंपांझींचा विभाग माझ्या टेबलावर होता. निवृत्त होऊन मालवणजवळच्या घरी परतलो, तर गावाने माझं बारसंच केलं, ‘माकडांचो इंजिनेर’. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. अजूनही कुणाकडे गेलो की दाराची कडी कुठल्या बाजूला आहे ते आधी बघतो.

त्यामुळे भाच्याचा फोन आला तेव्हा नवल वाटलं नाही. तो ओरोसला सरकारी नोकरीत, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण ताय, बांद्यापासून आतल्या गावात एकटी.

“मामा, तुमी येवढी माकडांची घरां बांधलास. आईच्या पडवेक जाळी मारूक किती वेळ लागतलो?”

का मारायची ते मला ठाऊक होतं. मेव्हणे गेले त्याच्या दहाव्या दिवशी मी तिथेच होतो. पिंड ठेवला, सगळे मागे सरलो, पण कावळा काही शिवेना. कुणी मुलाच्या पाठीशी राहण्याचं कबूल केलं, कुणी काजूच्या बागेचं. कावळे माडावर बसून राहिले. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात फणसावरून एक मोठा हुप्प्या खाली उतरला. वांदर झडप घालतात, पळतात. हा चालत आला, पिंडासमोर बसला आणि माणसासारखा सावकाश भात खाऊ लागला. सगळे दगड शोधत होते. ताय म्हणाली, “मारू नकात. तेंका भूक लागली हुती.”

त्यानंतर तो रोज येऊ लागला. भाच्याची धाकटी मुलगी सुट्टीला आली तेव्हा त्याने तिच्यावर दात विचकले, म्हणून ही जाळी. भाच्याचं काहीच चुकत नव्हतं.

मी टेप घेऊन गेलो. दुपारी माप घेत होतो, तर तायने पेजेचं ताट पडवीत मांडलं आणि आत येऊन उंबऱ्याशी बसली. तो आला. खांबाला पाठ लावली, एक पाय लांब केला, दुसरा दुमडला. मेव्हणे शेतातून आले की त्याच खांबाला तसेच टेकायचे. योगायोग, मी मनात म्हटलं. मग त्याने माझ्या हातातल्या टेपकडे पाहिलं. मी टेप गुंडाळून ठेवला.

घाबरलो होतो हे खरंच. पण हात थांबला तो दुसऱ्याच कारणाने.

आमच्या प्राणिसंग्रहालयाच्या स्टोअरमध्ये माकडघराचे जुने नकाशे होते. सर्वांत जुना कापडावर काढलेला. लोकांनी उभं राहायच्या कठड्याची मापं त्यात इंच न् इंच दिलेली. जनावराने झोपायचं कुठे, ते दाखवलेलंच नाही. पुढे गज तेच राहिले आणि आत पांढऱ्या फरश्या आल्या. रोगराई नको म्हणून रोज धुवायचं, सगळं न्हाणीघर झालं. मग आली खंदकांची पद्धत. चिंपांझीला पोहता येत नाही, म्हणून भोवती पाणी, मध्ये गवत, आणि बघणाऱ्याला वाटावं की प्राणी मोकळा आहे. अडवायचं, पण अडवलेलं दिसू द्यायचं नाही, एवढीच ती सगळी विद्या. शेवटी काच आली. काचेचं घर माझं.

त्यात एक म्हातारी चिंपांझी होती. तिचा जोडीदार फरश्यांच्या घरातच मेला होता. नव्या घरात माझी एक चूक राहिली. दुपारी छतातल्या झरोक्यातून उजेड आत पडे, लोकांची बाजू अंधारी राही आणि आतून त्या काचेचा आरसा होई. रोज त्या वेळी ती काचेशी येऊन बसे. बोट टेकवी, ओठ पुढे काढी, समोरच्याच्या केसांतून काहीतरी वेचल्यासारखं करी. चिंपांझी आरशात स्वतःला ओळखतात असं जाणकार सांगतात. ओळखत असतील. ती मात्र तिथे एकटी बसलेली वाटत नसे.

मला माझ्या नकाशातली चूक सहन होईना. मी झरोक्याला पट्ट्या मारून घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं, माझाच शहाणपणा. दुसऱ्या दुपारी ती नेहमीच्या जागी येऊन बसली, तर समोर आम्ही माणसं. तिने काचेच्या कडेने हात फिरवला, दारामागे पाहिलं, परत येऊन बसली. तिसऱ्या दिवसापासून खाणं सोडलं. महिना भरायच्या आत गेली. कागदावर ‘वार्धक्य’ लिहिलं गेलं, मीही काही बोललो नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दुपारी तायला सांगितलं. “जाळी मारली आणि तूय जेवाण सोडलंस तर?”

ताय उंबऱ्यावरून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “तू तिका आदी सांगलंस?”

“कोणाक?”

“त्या माकडणीक. घरातला माणूस जाताहा, तर पाठी रवतल्याक सांगूक व्हया मा?”

मी हसणार होतो. हसू आलं नाही.

ती उठून पडवीत गेली. तो ताट चाटून बसला होता. चार हात अंतरावर उभी राहून, डोक्यावर पदर घेऊन, नवऱ्याशी बोलावं तशी बोलली. “उद्यापासून हंय येव नकात. नातीक भंय वाटता. माजी काळजी करू नकात. जावा आता.”

तो ऐकत होता की तिच्या मागच्या दारातून आत बघत होता, मला कळलं नाही. मग उठला, अंगणात उतरला आणि फणसावर न चढता सरळ पायवाटेने चालत गेला. त्या वाटेने पुढे स्मशान लागतं. वाट काजूच्या बागेकडेही जाते, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी भाच्याने सांगून ठेवलेली फॅब्रिकेटरची माणसं बांद्याहून आली आणि दुपारपर्यंत जाळी लागली. तो आला नाही. फणसावर नाही, कौलांवर नाही. मी अंगणात उभा राहून चारही बाजू पाहिल्या. आदल्या दिवशी सांगितलं आणि आज येत नाही, हे मला त्याच्या येण्याहून भयंकर वाटलं. ताय सहज म्हणाली, “जिते हुते तेवाय तेंका दोनदा सांगूचा लागला नाय.”

तिने दोन ताटं वाढली, माझं आणि तिचं. मी तिच्या हाताकडे बघत राहिलो. तिने भात कालवला, घास घेतला, चावला, गिळला. मग दुसरा घेतला.

“काय बगतंस? जेव,” ती म्हणाली.

मला जेवता येईना. त्या काचेच्या घराची किल्ली कितीतरी वर्षं माझ्या खिशात होती. मागच्या दाराच्या गजांआडून का होईना, त्या चिंपांझीशी दोन शब्द बोलायला मला कुणीही अडवलं नव्हतं.